एकतीस तोळ्यांचा कॅमेरा

पुणे सोडून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की नसरापूर फाट्यानंतर, कापूरहोळ यायच्या आधी, महामार्गाला लागून कामथडी हे भोर तालुक्यातलं गाव लागतं. तिथून जवळच, नसरापूरच्या अंगाला, दाट झाडीत बनेश्वराचं देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते १७४९ मध्ये बांधलं. बांधकामाला ११,४२६ रुपये, ८ आणे, ६ पैसे खर्च आला असं सांगतात. पैशापर्यंतचा हिशेब ठेवणाऱ्या त्या काळात देवळातल्या एका वस्तूची किंमत मात्र कुठल्याच वहीत चढायचं कारण नव्हतं. ती वस्तू म्हणजे तिथली घंटा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा आहे.

ही घंटा मूळची पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि देशावरच्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर अशा घंटा आजही लोक पाहायला जातात. चर्चमध्ये असताना बनेश्वरातली घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ सांगायची. म्हणजे ती अख्ख्या वस्तीचं घड्याळ होती. बनेश्वरात आल्यावर तिचं वेळ सांगण्याचं काम संपलं. मान मात्र वाढला, कारण आता ती विजयाची खूण झाली होती. वेळ सांगणारी वस्तू वेळ सांगेनाशी झाल्यावर अधिक मोलाची ठरते, हा प्रकार स्विस कंपन्यांनी फार पुढं धंद्यात आणला. कामथडीच्या शेजारी तो पावणेतीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

लाखा-लाखांची घड्याळं आणि तितकेच महाग कॅमेरे त्या किमतीच्या लायकीचे असतात का, हा प्रश्न आजकाल पुण्यातल्या दुकानांपुरता राहिलेला नाही. महामार्गालगतच्या गावांत जमिनीला भाव आला, नोकऱ्या आल्या, परदेशी गेलेली मुलं सुट्टीला येताना असल्या वस्तू आणू लागली. पण हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. आणि प्रत्येक काळात त्याचं उत्तर वेगळं आलं आहे, कारण प्रत्येक काळात महागाईचं कारणच वेगळं होतं.

पेशवाईत वेळ मोजायला लागायचं ते घटिकापात्र. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि दिवसरात्रीच्या साठ घटका. लग्नाचा मुहूर्त त्यावर साधला जाई. शेतकऱ्याला तेवढंही लागत नसे. सूर्य डोक्यावर आला की जेवणानंतरची विश्रांती, दिवस कलला की बैल सोडायचे. मिनिट हे माप कुणाच्या कामाचं नव्हतं, त्यामुळं मिनिट दाखवणाऱ्या यंत्रासाठी पैसे मोजायची वेळच कुणावर येत नव्हती. विलायती घड्याळं इकडं आली ती आधी नजराणे म्हणून, राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या घरात.

मिनिटाची किंमत वाढवली ती आगगाडीनं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पाच वर्षांत पुण्याला रेल्वे आली आणि १८६३ मध्ये मधला बोरघाटाचा चढही पुरा झाला. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे लोकांना शिकायला लागलं. त्यात आणखी गोंधळ असा की रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालायची आणि मुंबई आपल्या स्थानिक वेळेनं. दोन्हींत जवळपास अर्ध्या तासाचा फरक. १९०६ मध्ये सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ आली, तेव्हा तर मुंबईनं ती मानायलाच नकार दिला. नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागं असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. एकाच शहरात स्टेशनावर एक वेळ आणि बाजारात दुसरी. अशा शहरात स्वतःचं घड्याळ असणं ही मिरवण्यापेक्षा गरजेची गोष्ट झाली होती.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं त्याला दोन लाख रुपये दिले. त्या काळचे दोन लाख! पण ते घड्याळ सगळ्या फोर्टसाठी होतं. ज्याला खिशात घड्याळ परवडत नव्हतं, त्यानं मान वर करून वेळ पाहायची. एका श्रीमंताचा खर्च आणि हजारो लोकांचा उपयोग, असा तो सौदा होता.

खिशातल्या आणि मग मनगटावरच्या घड्याळांची मोठी बाजारपेठ मुंबईतच उभी राहिली. फाव्र-लूबा ही स्विस कंपनी १८६० च्या दशकात हिंदुस्थानात उतरली होती. १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव मुंबईत रुजलं. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये तयार व्हायची, पण गिऱ्हाईक इथलं होतं. तिच्या एका मॉडेलचं नाव होतं ‘सोवार प्रिमा’. सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. फौजेतले, रेल्वेतले, धुळीत आणि उन्हात काम करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून ही घड्याळं विकली जात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या, आणि हिंदी फौजेबरोबर या घड्याळांचं नावही तिकडं पोचलं. १९३४ मध्ये धक्का सहन करणारी इन्काब्लॉकची यंत्रणा पहिल्यांदा घड्याळात बसवणाऱ्यांत हीच कंपनी पुढं होती. हातातून पडलं तरी चालणारं घड्याळ हे त्या काळी खरोखर जास्त पैसे देण्याजोगं होतं. भारी घड्याळ घेणारा माणूस टिकाऊपणा विकत घेत होता, आणि तो त्याला मिळतही होता.

कॅमेऱ्याची गोष्ट याच्याहून अधिक रंगतदार आहे, कारण इथं किंमत वसूल झाली का, हे नावानिशी आणि आकड्यानिशी सांगता येतं.

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा मुंबईत फोटोचा स्टुडिओ होता. तो खेळ पाहून त्यांनी इंग्लंडमधल्या रायली ब्रदर्सकडं चलत्चित्राचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. त्या वेळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे ३३० रुपयांच्या घरात. सोन्यात मोजायचं तर एका सॉव्हरिनमध्ये ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं असे. त्या हिशेबानं २१ गिनी म्हणजे १६१ ग्रॅम, जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यानं चौदा तोळ्यांना थोडंसं कमी.

चौदा तोळे सोनं देऊन सावेदादांनी काय केलं? १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. इथं ती धुण्याची सोयच नव्हती. पुढं रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं चित्रण त्यांनी केलं. दापोलीकडच्या मुर्डी गावचा मुलगा केंब्रिजमध्ये गणितात पहिला येतो, ही मराठी माणसाच्या दृष्टीनं केवढी मोठी बातमी! ती हलत्या चित्रात पकडणारा माणूस मराठीच होता, आणि त्याच्या हातात कॅमेरा होता म्हणूनच ते शक्य झालं. हिंदुस्थानात बातमीपट सुरू झाला तो असा. चौदा तोळ्यांना हे महाग म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

दादासाहेब फाळक्यांचा सौदा त्याहून धाडसाचा होता. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून आपल्या देवादिकांना पडद्यावर आणायचं त्यांनी मनात घेतलं. हातात भांडवल नव्हतं. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचं कर्ज काढलं आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथं ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले. त्यांच्या ओळखीनं सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला. मग पन्नास पौंड मोजून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडणारं यंत्र यांचीही मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले.

पन्नास पौंड म्हणजे साडेसातशे रुपये. सोन्यात ३६६ ग्रॅम. जुन्या तोळ्यानं एकतीस तोळे.

हे एकतीस तोळ्यांचं यंत्र दिसायला साधं होतं. लाकडी पेटी, पुढं भिंग, बाजूला हातानं फिरवायचा दांडा. आत ३५ मिलिमीटरची फिल्म. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकायच्या, म्हणून सेकंदाला दोन फेरे या चालीनं हात फिरवायचा. चाल चुकली की पडद्यावर माणसं एकदम धावायला लागत किंवा पाण्यात चालल्यासारखी दिसत. वीज नाही, मोटर नाही; जो दांडा फिरवतो त्याच्या मनगटातच लय असावी लागे. आणि कॅमेरा आला म्हणजे सगळं आलं असंही नव्हतं. फिल्म कोरी यायची, तिच्या कडेची भोकं घरी पाडावी लागायची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून ती पाडत, फिल्म धूत, आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक बघत.

मोठ्या चित्रपटासाठी सावकार सहजासहजी पैसा देईना. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं टिपून ‘अंकुराची वाढ’ हा एका मिनिटाचा लघुपट केला. बी फुटून वेल वर चढताना पाहून भांडवलदाराची खात्री पटली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय चित्रपटाचा धंदा उभा राहिला. एकतीस तोळे वसूल झाले की नाही हा प्रश्नच उरला नाही. स्वतः फाळक्यांचा शेवट १९४४ मध्ये नाशिकला तंगीत झाला, पण त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता.

इथं कोल्हापूरचं उदाहरण घेतल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनाही चित्रपटाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा घेण्याइतकी ऐपत नव्हती, मग त्यांनी तो स्वतःच करायचं ठरवलं. जुना प्रोजेक्टर मिळवून तो खोलून पाहिला, फिल्म कशी थांबते, कशी सरकते हे समजून घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना जोडीला घेतलं आणि कॅमेरा घडवूनच दाखवला. तानीबाई कागलकरांचं आर्थिक पाठबळ मिळालं, शाहू महाराजांचा आश्रय लाभला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज जो कॅमेरा स्तंभ उभा आहे, तो या घरच्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा.

म्हणजे लंडनच्या कॅमेऱ्यानं जे साधलं, ते कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्यानंही साधलं. फरक वेळेचा. फाळके बोटीनं जाऊन आले आणि वर्षभरात चित्रपट पडद्यावर लावला. पेंटर मंडळींची काही वर्षं खटपटीत गेली. महाग यंत्र घेणारा बहुतेक वेळा वेळ विकत घेतो, आणि त्या वेळात तो काय करतो यावर सौदा फायद्याचा की तोट्याचा ते ठरतं.

स्वातंत्र्यानंतर महागाईचं कारण बदललं. परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर कडक बंधनं होती, जकात जबर होती. स्वित्झर्लंडमध्ये सामान्य कारकून वापरेल असं घड्याळ इथं प्रतिष्ठेची वस्तू झालं. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं कलम १२३ वाचण्यासारखं आहे. जप्त केलेला माल चोरटा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्या मालाबाबत बाळगणाऱ्यावर टाकली, त्यात सोन्याबरोबर नावानिशी घातलेली वस्तू होती घड्याळ. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रात्री लाँचमधून सोनं उतरायचं, तशी घड्याळंही उतरायची. मुंबईच्या मुसाफिरखान्यात आणि मनीष मार्केटात ‘फॉरेन’चा माल मिळायचा. गिऱ्हाईक जो जास्तीचा पैसा मोजत होतं, तो कारागिरीसाठी नव्हता. तो जकातीचा, टंचाईचा आणि चोरट्या वाटेच्या जोखमीचा होता.

याच काळात लग्नाच्या बैठकीत घड्याळाला जागा मिळाली. सुपारी फुटायच्या आधी देण्याघेण्याची याद व्हायची, आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांपासून साताऱ्या-सांगलीपर्यंत त्या यादीत नवऱ्या मुलाची अंगठी, घड्याळ, सायकल आणि पुढं ट्रान्झिस्टर हे ठरलेले मानकरी होते. घड्याळ कुठल्या कंपनीचं, यावर बैठक अडायची. गाठीला पैसा नसलेला मुलीचा बाप घड्याळासाठी कर्ज काढायचा. ज्या माणसाचा दिवस बैलांच्या आणि एसटीच्या चालीनं जायचा, त्याला सेकंदकाट्याचा उपयोग काय, असं कुणी विचारत नव्हतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याच वर्षी बंगळूरमध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं बनू लागली. कायद्यानं याद बंद झाली नाही. यादीतलं घड्याळ तेवढं स्वदेशी झालं.

एचएमटीनं एक मोठं काम केलं. ‘जनता’ नावाचं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ शिक्षक, तलाठी, कंडक्टर, गिरणी कामगार यांच्या मनगटावर आलं. कंपनीनं पुढं दहा कोटींहून जास्त घड्याळं विकली. एक काळ असा होता की नंबर लावूनही ती मिळत नसत. आज जुन्या ‘जनता’ आणि ‘पायलट’चे शौकीन पुण्या-मुंबईत आहेत, पण ती भारी म्हणून नव्हे, बापाच्या हातातली म्हणून.

मग आलं क्वार्ट्झ. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेको कंपनीनं ‘ॲस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन, त्या काळच्या एका लहान मोटारीइतकी. म्हणजे जे तंत्र आज स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर दोन-तीनशे रुपयांना मिळतं, ते जन्माला आलं तेव्हा चैनीचं होतं.

दोन्ही यंत्रं जवळून पाहिली तर गंमत कळते. चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की बॅलन्सचं चाक डावी-उजवीकडं झुलताना दिसतं. जुन्या सर्वसाधारण घड्याळात तासाला १८,००० ठोके, सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. केसाएवढी बारीक स्प्रिंग त्या चाकाला परत ओढते. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं. ती माणकं खरी, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भट्टीत बनणारी, त्यामुळं मातीमोल. घर्षण कमी व्हावं म्हणून खुंट्यांखाली बसवलेली. थंडी, ऊन, तेल सुकणं, टेबलावर उताणं ठेवणं, सगळ्याचा परिणाम त्याच्या चालीवर होतो. क्वार्ट्झमध्ये काचेसारखा एक तुकडा विजेच्या सूक्ष्म दाबानं सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि एक चिप ती थरथर मोजून सेकंदाचा ठोका देते. स्वित्झर्लंडच्या अधिकृत चाचणीत पास झालेल्या, लाखो रुपयांच्या क्रोनोमीटरला दिवसाला चार सेकंद मागं किंवा सहा सेकंद पुढं जायची मुभा असते. फुटपाथवरचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. अचूकतेच्या शर्यतीचा निकाल कधीच लागला आहे.

हा निकाल स्वित्झर्लंडला फार महाग पडला. १९७० च्या सुमारास तिथं ९० हजारांच्या आसपास लोक घड्याळधंद्यात होते. पंधरा वर्षांत ती संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. उरलेल्यांनी दोन वाटा धरल्या. एक ‘स्वॉच’ची, १९८३ मधली, स्वस्त आणि प्लास्टिकची. दुसरी वाट अशी की वेळेबद्दल बोलणंच सोडायचं आणि हातानं घासलेले पूल, वडिलोपार्जित कारागिरी, मर्यादित नग, प्रतीक्षायादी यांच्यावर किंमत लावायची. बनेश्वरातल्या घंटेचं जे आपसूक झालं, ते इथं ठरवून करण्यात आलं. आपल्याकडं टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं १९८४ मध्ये टायटन काढली, आणि तिनं क्वार्ट्झवर भर दिला.

नावाला काय भाव असतो याचा एक नमुना याच टायटननं पुरवला. मुंबईत दीडशे वर्षं ओळखीची असलेली फाव्र-लूबा, १७३७ पासूनचा इतिहास सांगणारी, ती अख्खी नाममुद्रा टायटननं २०११ मध्ये २० लाख युरोंना घेतली. सहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचं रोलेक्स डेटोना हे एकच घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. एका घड्याळाच्या पैशात तसल्या सात-आठ कंपन्या आल्या असत्या. त्या रोलेक्समध्ये असं कुठलंही चाक नव्हतं जे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळात नसेल.

सोन्याशी तुलना केली तर फरक उघड दिसतो. पुण्याच्या परिसरात अंगभर सोनं घालून मिरवणारे ‘गोल्डमॅन’ होऊन गेले, लोकांनी त्यांना हसूनही घेतलं. पण सराफ सोनं तराजूत टाकतो आणि दिवसाचा भाव देतो. महाग घड्याळ विकायला नेलं तर डबा आहे का, कागद आहेत का, सर्व्हिसिंग कुठं केलं, काच बदलली का, अशी चौकशी होते, आणि दोन-तीन नाववाल्या कंपन्यांची मोजकी मॉडेलं सोडली तर बहुतेकांना घेतलेली किंमत परत मिळत नाही. शिवाय दर काही वर्षांनी तेलपाणी करायला हजारो रुपये लागतात. १० मार्च २०२४ ला भारतानं स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापार करार केला. त्यानुसार स्विस घड्याळांवरची जकात टप्प्याटप्प्यानं काढायची आहे. ज्यांनी जकातीसकट घेतली, त्यांच्या घड्याळातला तेवढा भाग कधीच परत यायचा नाही.

कॅमेऱ्यात चैनीचं सर्वांत मोठं नाव लायकाचं. ऑस्कर बर्नाक या जर्मन तंत्रज्ञाला डोंगरात फिरताना जड पेटी वाहवत नसे. त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा केला, आणि १९२५ मध्ये तो बाजारात आला. फाळक्यांच्या विल्यमसनमध्ये धावायची तीच ही फिल्म, आडवी केलेली. रस्त्यावरची, युद्धातली, गर्दीतली छायाचित्रं यानंतर शक्य झाली, म्हणून त्या वेळी लायकाची किंमत रास्त होती. आजच्या लायका एम मालिकेतल्या डिजिटल कॅमेऱ्याला नुसत्या बॉडीचेच कित्येक लाख पडतात. फोकस हातानं करावा लागतो, आणि एम-११ मध्ये व्हिडिओही नाही. लेन्स मात्र टिकतात. १९५४ च्या एम-३ साठी केलेली लेन्स आजच्या बॉडीवर बसते. डिजिटल बॉडीचं तसं नाही. सेन्सर आणि चिप पाच-सात वर्षांत जुनी होते, मग ती सोन्याच्या वेष्टनात का असेना.

पुणे-सातारा महामार्गावर मंगल कार्यालयं आणि लॉन्स रांगेनं उभी आहेत. लग्नसराईत तिथं फोटो काढणारी पोरं दीड-दोन लाखांचे कॅमेरे आणि तितक्याच किमतीच्या लेन्स वापरतात. कित्येकदा त्या पुण्यातून दिवसाच्या भाड्यानं आणलेल्या असतात. मांडवातल्या अपुऱ्या उजेडात अक्षता पडताना नवरीचा चेहरा नीट यायचा तर तसली लेन्स लागतेच. मोबाइलनं तिथं भागत नाही. हप्ते फिटले की कॅमेरा कमावता होतो. सावेदादांचा स्टुडिओ आणि ही पोरं एकाच धंद्यातली माणसं आहेत. त्यांच्या हातातलं महाग यंत्र महाग ठरत नाही. तोच कॅमेरा कपाटात पडून राहिला, वर्षातून एकदा सहलीला निघाला, तर त्याची किंमत दर फोटोमागं काढून पाहावी.

तेव्हा हिशेब सरळ आहे. महाग कॅमेरा त्यानं काम करणाऱ्याला परवडतो; बाकीच्यांनी पैसा लेन्समध्ये घालावा आणि बॉडी मधल्या दर्जाची घ्यावी. महाग घड्याळ वेळेसाठी कुणालाच परवडत नाही, कारण वेळ आता जवळपास फुकट मिळते. चाकांची कारागिरी पाहून ज्याला खरोखर आनंद होतो, त्यानं ती ऐपतीत बसत असेल तर जरूर घ्यावी, पण गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत घालू नये. आणि कर्ज काढून, लग्नातल्या मानपानासाठी किंवा चारचौघांत दिसावं म्हणून घेत असाल, तर तेवढ्या पैशाचं सोनं घ्या. ते निदान वजनावर विकलं जातं.